चाळीस मुलांचा सरासरी पाय

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मला सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत गणिताच्या शिक्षकाची नोकरी लागली, तेव्हा मला वाटलं, चला, सुरगाणा तालुक्याचं नशीब उघडलं. मी नाशिक शहरात वाढलेला, गणितात बी.एस्सी., त्यातही संख्याशास्त्रात पहिला वर्ग, वर बी.एड. शर्टाच्या खिशात मी सायंटिफिक कॅल्क्युलेटर ठेवायचो आणि त्याचं वरचं टोक लोकांना दिसेल अशा बेताने ठेवायचो. बसस्टँडवरून शाळेपर्यंत जीपने जावं लागे. पहिल्याच दिवशी जीपमध्ये शेजारी दाटीवाटीने बसलेल्या एका आजोबांनी खिशाकडे बोट करून विचारलं, "रेडू हाय का?" मी त्यांना ते काय आहे हे नीट समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे गाणी नाय लागत."

माझ्या शिकवण्याची पद्धत तेव्हा अगदी पक्की होती. फळ्यावर व्याख्या लिहायची, तिच्याभोवती चौकट काढायची, खाली सूत्र, त्याखाली उदाहरण. नववीच्या वर्गाला सांख्यिकी शिकवताना मी मध्य, मध्यक, बहुलक आणि विस्तार हे चारही प्रकार दोन तासांत उरकले. सर्व संख्यांची बेरीज भागिले एकूण संख्या म्हणजे मध्य, म्हणजेच आपली सरासरी. संख्या चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येते ती मध्यक. सर्वांत जास्त वेळा येते ती बहुलक. सर्वांत मोठीतून सर्वांत लहान वजा केली की विस्तार. वर्ग इतका शांत होता की बाहेर शेळी ओरडली तरी ऐकू येत होती. शांतता म्हणजे मुलांना समजलं, असं मी धरून चालत असे. माझी स्वतःची शाळेतली वर्षंही अशाच शांततेत गेली होती, पण हे मला तेव्हा आठवलं नाही.

बहुलकाचा उपयोग सांगताना मी पुस्तकातलं वाक्य वहीत उतरवून दिलं होतं: 'चपलांच्या दुकानदाराला सरासरी मापाचा उपयोग नसतो. कोणते माप सर्वांत जास्त खपते, म्हणजेच बहुलक कोणता, हे त्याला माहीत असावे लागते.' मुलांनी ते लिहून घेतलं. मी पुढे सरकलो.

त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या शाळेला एक निरोप आला. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार होते. आमच्या मुलांपैकी बऱ्याच जणांचे आईवडील दिवाळीनंतर त्यांच्या बागांत कामाला जात. प्रजासत्ताक दिनाला तालुक्याच्या मैदानावर आमची मुलं संचलन करणार आहेत, हे त्यांना अशाच कुठल्या आईबापाकडून कळलं होतं. मुलांसाठी पांढरे कॅनव्हासचे बूट द्यायची त्यांची इच्छा होती. चाळीस जोड. नाशिकच्या एका दुकानदाराला त्यांनी सांगूनही ठेवलं होतं. आम्ही फक्त मापं कळवायची होती.

मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. ते मराठीचे शिक्षक, वयाने माझ्या दुप्पट, स्वभावाने सावध. "सर," ते म्हणाले, "हे मापांचं काम तुमच्याकडे. तुम्ही गणितवाले."

'गणितवाले' हा शब्द माझ्या डोक्यात जरा जास्तच चढला.

मुलांना बुटाचा नंबर विचारून उपयोग नव्हता. बहुतेकांनी आयुष्यात बूट घातले नव्हते. मग मी सगळ्या पथकाला व्हरांड्यात उभं केलं. पाचवी-सहावीची वीस चिल्लीपिल्ली लेझीमला होती आणि नववी-दहावीची वीस मोठी मुलंमुली कवायतीला. सातवी-आठवीला गाण्याच्या गटात घातलं होतं, त्यांना बूट लागत नव्हते. एकेकाचा पाय फरशीवर ठेवून मी खडूने टाच आणि अंगठ्याचं टोक आखलं आणि फूटपट्टीने अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत मोजलं. मुलांना गुदगुल्या होत होत्या. व्हरांडाभर पावलं उमटली, लहान-मोठी, उलटसुलट. ती नुसती उभं राहून बघितली असती तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण मी फूटपट्टीकडे बघत होतो.

मग मी नववीच्या वर्गात चाळीसही आकडे फळ्यावर लिहिले, मुलांना वहीत घ्यायला लावले आणि जाहीर केलं, "आता बघा, गणित जीवनात कसं वापरतात." खिशातून कॅल्क्युलेटर काढला. बेरीज केली, चाळीसने भागलं. उत्तर आलं एकवीस पूर्णांक सहा दशांश. मी ते फळ्यावर लिहिलं आणि त्याभोवती चौकट काढली. चौकट फार सुरेख आली होती.

मुख्याध्यापकांना मी सांगितलं, "एकच माप. चाळीस जोड, एकवीस पूर्णांक सहा सेंटिमीटर."

"सगळ्यांना एकच?" त्यांनी चष्मा काढला. "तो पाचवीतला आपला सगळ्यात बुटका गडी आणि दहावीची ती उंच मुलगी, दोघांना?"

"सर, सरासरी काढली आहे," मी म्हटलं. "थोडं इकडे, थोडं तिकडे. कॅनव्हास सैल पडतं, ताणलंही जातं. शास्त्रीय पद्धत आहे."

त्यांना शंका होती, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण मी कागद ओढला आणि त्यावर बेरजेचं चिन्ह, तो ग्रीक सिग्मा, काढला. सिग्मा बघितल्यावर मराठीचा माणूस सहसा माघार घेतो. त्यांनीही घेतली. मी सुरगाण्याला जाऊन एसटीडी बूथवरून फोन केला आणि एवढा एकच आकडा कळवला. पलीकडे बागायतदारांचा मुलगा होता. तोही म्हणाला, "नक्की ना, सर?" मी जरा चिडूनच म्हटलं, "लिहून घ्या."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बुटांचं पोतं जीपच्या टपावरून आलं. सगळी शाळा गोळा झाली. पोतं उघडलं, पांढऱ्याशुभ्र बुटांचा ढीग झाला. मी म्हटलं, "एकेक जोड घ्या, सगळे सारखेच आहेत." या वाक्यातच सगळं आलं होतं, पण अजून ते माझ्या कानावरून जात होतं.

पाचवी-सहावीच्या मुलांनी बूट घातले आणि पाऊल उचललं. पाऊल वर आलं, बूट जमिनीवरच राहिला. मोठ्या मुलांची बोटं आत गेली आणि टाचा बाहेर अडून बसल्या. एक दहावीचा मुलगा टाच कोंबण्यासाठी भिंतीवर लाथा मारत होता. एका लहानग्याने दोन्ही बूट हातात घातले आणि चार पायांवर चालून दाखवलं. हसून हसून मुलं व्हरांड्यात लोळली. लहानांमधल्या चौघांचे पाय त्यातल्या त्यात मोठे होते. पुढे कापडाचा बोळा कोंबून त्यांना ते बूट कसेबसे चालवता आले. नीट बसला असा जोड एकालाही मिळाला नाही. पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगताना मी 'दहा-बाराजणांना बसले होते तसे' असं म्हणत आलो. खरा आकडा शून्य आहे.

एकवीस पूर्णांक सहा सेंटिमीटरच्या पायाचा धनी आमच्या पथकात नव्हताच.

कवायत पथकाची पुढारी नववीतली एक मुलगी होती. ठेंगणी, काटक, वर्गात तिसऱ्या रांगेत बसायची, फारसं बोलायची नाही. तिने बुटात अडकलेली बोटं सोडवली, बूट नीट जोडीने खाली ठेवला आणि मला विचारलं, "सर, तुम्हीच लिहून दिलं व्हतं ना? चपलांच्या दुकानात सरासरी चालत नाय, बहुलक लागतो म्हणून?"

सगळे गप्प झाले. ही शांतता मात्र मला लगेच समजली.

मी काय करायला हवं होतं, ते आज मला चांगलं ठाऊक आहे. मी जे केलं ते असं: "फार आगाऊपणा नको," असं ओरडलो आणि तिला पुढचा अख्खा तास वर्गाबाहेर उभं केलं. आत मी बीजगणित शिकवत होतो. दारातून तिची सावली दिसत होती, आणि मी दोनदा अधिकच्या जागी उणे लिहिलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर मी त्याहून मोठा पराक्रम केला. म्हटलं, "काल मी मुद्दाम चुकीची पद्धत वापरली होती. तुमच्या लक्षात येतं का, ते बघायचं होतं."

चाळीस जोड बूट निफाडच्या माणसाकडून मुद्दाम चुकीचे मागवले, असं मी सांगत होतो. वर्गाने ऐकून घेतलं. ती मुलगी उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "मग आता बरोबर करू ना, सर."

"करू," मी म्हटलं. "शनिवारी मी नाशिकला जाऊन बदलून आणतो."

बदलायचे म्हणजे बूट कोरे दिसायला हवेत. घालून पाहण्याच्या गोंधळात बऱ्याच जोडांचे तळवे मळले होते. शुक्रवारी मी विहिरीवर बसून ते माझ्या स्वतःच्या टूथब्रशने घासले आणि कॅनव्हासवरचे डाग शाळेच्या खडूने झाकले. खडू डाग झाकायला उत्तम असतो. माझं आत्तापर्यंतचं शिकवणं त्याच कामाचं होतं, असा विचार तेव्हा मनात आला नाही. मी फक्त टूथब्रशची हळहळ करत होतो.

शनिवारी पोतं घेऊन जीप, मग एसटी, मग रिक्षा करत मेन रोडवरच्या त्या दुकानात पोचलो. दुकानदार साठीचा, शांत माणूस होता. त्याने एक बूट हातात घेतला, अंगठ्याने पुसला, अंगठ्याला लागलेला खडू पाहिला आणि बूट खाली ठेवला.

"चाळीसच्या चाळीस दोन नंबर," तो म्हणाला. "मला तेव्हाच नवल वाटलं होतं. म्हटलं, असेल बाबा काही. ऑर्डर दिली कोणी?"

"शाळेतले एक गणिताचे शिक्षक आहेत," मी म्हटलं.

"आणि तुम्ही?"

"मी इतिहास शिकवतो."

खिशातला कॅल्क्युलेटर मी आधीच पिशवीत टाकला होता.

त्याने चहा मागवला आणि मला समजावून सांगितलं. लहान मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि तेरानंतर चौदा येत नाही, पुन्हा एक येतो. तिथून मोठ्यांचे नंबर सुरू. मी पहिल्या वर्गातला संख्याशास्त्रज्ञ, आणि बुटांच्या दुकानात तेरानंतर एक येतो, हे मला सव्विसाव्या वर्षी कळत होतं. मी मान डोलावत राहिलो. इतिहासाच्या माणसाला हे माहीत नसलं तर चालतं.

"बदलून देतो," तो म्हणाला. "पोरांचे बूट आहेत, अडवणार नाही. यादी द्या. कुणाचा पाय किती."

मी उगाचच पिशवी चाचपली. माझ्याकडे यादी नव्हती. सरासरी निघाल्यावर मी फळा पुसला होता आणि कच्चा कागद चुरगाळून टाकला होता. व्हरांड्यातली पावलं तर दुसऱ्याच दिवशी झाडलोटीत गेली होती. चाळीस मुलांच्या पायांची खरी माहिती फेकून देऊन मी एक चौकटीतला आकडा जपून ठेवला होता. तो आकडा मला तोंडपाठ होता. पण त्यावरून एकाही मुलाचा पाय परत काढता येत नव्हता.

"यादी फोनवर कळवतो," असं म्हणून पोतं तिथेच ठेवलं आणि निघालो.

सोमवारी शाळेत पोचेपर्यंत मला एवढं उमगलं होतं की ते चाळीस आकडे आता एकाच ठिकाणी असू शकतात: नववीच्या वह्यांत. मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला बोलावलं. तासभर बाहेर उभं केलेल्या मुलीकडे एकदम वही मागवेना. मी उगाचच आधी तिला जेवलीस का विचारलं.

"तुझ्याकडे ते आकडे आहेत का ग? त्या दिवशीचे?"

"हायेत ना, सर." तिने वही आणली.

वहीत चाळीस आकडे होतेच, पण ते माझ्या क्रमाने नव्हते. तिने ते लहानाकडून मोठ्याकडे पुन्हा मांडले होते. सुरुवात अठरापासून, शेवट पंचवीसला. विसाव्या आणि एकविसाव्या आकड्यांच्या मधे पेन्सिलने एक उभी रेघ होती. रेघेच्या अलीकडे वीस सेंटिमीटर, पलीकडे तेवीस.

"हे काय?" मी विचारलं.

"मध्यक काढला, सर. बाहेर उभी व्हते तेव्हा." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "साडेएकवीस आला. पण तिथं बी कुणाचाच पाय नाय. मधे मोकळंच हाय."

खाली तिने ताळ्याच्या रेघा मारल्या होत्या, चार उभ्या आणि त्यांना छेदणारी पाचवी. एकोणीसपुढे सात रेघा, चोवीसपुढेही सात.

"सर, बहुलक दोन आले. चालतं का असं?"

दोन बहुलक असलेली माहिती म्हणजे काय, त्याचं कारण काय, यावर मी कॉलेजात दीड पान लिहून चांगले गुण मिळवले होते. लिहिलं होतं, पण पाहिलं कधीच नव्हतं. आता पाहत होतो. दोन वेगळे गट मी एका ढिगात ओतले होते आणि दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेचे बूट मागवले होते. विस्तार काढला असता तरी कळलं असतं. पंचवीस वजा अठरा, सात सेंटिमीटर. कॅनव्हास कितीही ताणलं तरी सात सेंटिमीटर ताणलं जात नाही. पण विस्ताराला एकच वजाबाकी लागते, आणि इतकी सोपी गोष्ट करणं मला कमीपणाचं वाटलं होतं.

"चालतं," मी म्हटलं. "दोन बहुलक चालतात."

त्या संध्याकाळी एसटीडी बूथवरून मी तिच्या वहीतली यादी दुकानदाराला वाचून दाखवली. शेवटी तो म्हणाला, "इतिहासाचे असून आकडे अगदी व्यवस्थित सांगता, गुरुजी. पुढच्या वेळी ऑर्डर तुम्हीच देत जा."

बूट पंचवीस तारखेला आले आणि सगळ्यांना बसले. सव्वीस जानेवारीला सकाळच्या कडाक्याच्या थंडीत आमचं पथक तालुक्याच्या मैदानावर उतरलं. पांढऱ्या बुटांची ओळ एकदम उठायची, एकदम पडायची. ती मुलगी सगळ्यांत पुढे, खणखणीत आवाजात आज्ञा देत होती. मुख्याध्यापकांचे डोळे भरून आले होते. माझेही आले असते, पण मी सगळा वेळ मुलांच्या टाचांकडेच बघत होतो. संचलनाच्या स्पर्धेत नंबर मात्र आमचा आला नाही. दुसऱ्या एका शाळेचा आला, आणि त्यांची मुलं अनवाणी होती. कार्यक्रम संपल्याबरोबर आमच्याही मुलांनी बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवले आणि अनवाणी निघाली. मी विचारलं, "का रे?" तर म्हणाले, "झिजतील ना, सर."

एप्रिलच्या वार्षिक परीक्षेत मी दोन गुणांचा एक प्रश्न घातला. एका शाळेला मुलांसाठी बूट मागवायचे आहेत, तर मध्य, मध्यक आणि बहुलक यांपैकी कशाचा उपयोग होईल, सकारण लिहा. बाकी सगळ्या वर्गाने बहुलक लिहिलं. तिने लिहिलं होतं, 'आधी सगळ्यांचे पाय बघावे. मग ठरवावे.'

मी तिला दोनपैकी एक गुण दिला. माझ्या नमुना उत्तरात 'बहुलक' हा शब्द होता आणि तिच्यात नव्हता.

पेपर दाखवले त्या दिवशी ती माझ्याकडे आली. "सर, एक गुण कशाला कापला?"

मी ते उत्तर पुन्हा एकदा वाचलं. तिच्या हातातून पेपर घेतला, एकाचे दोन केले, खाली सही केली. मग म्हटलं, "हे बघ. त्या बुटांच्या वेळी मी वर्गात सांगितलं ना, मुद्दाम चूक केली म्हणून. तसं नव्हतं. मी खरंच चुकलो होतो. तुला बाहेर उभं केलं तेही चुकलं."

"माहीत हाय, सर," ती म्हणाली. "सगळ्या वर्गाला माहीत हाय."

"मग कोणी बोललं का नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

पेपर घडी करून ती गेली. पुढच्या वर्षी ती दहावी पास झाली आणि नर्सिंगच्या शिक्षणाला नाशिकला गेली. त्यानंतर पेठ बाजूच्या एका आरोग्य केंद्रात ती लागली, असं मी ती शाळा सोडल्यानंतर मुख्याध्यापकांच्या पत्रातून कळलं.

मी त्या शाळेत आणखी चार वर्षं होतो. दोन हजार साल उलटल्यावर नाशिकच्या एका शाळेत आलो आणि तिथेही नववीला हाच धडा माझ्याकडे आला. आता मी फळ्याला हात लावण्याआधी मुलांना उठवून ओळीत उभं करतो, उंचीप्रमाणे, घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे, शाळेत यायला लागणाऱ्या वेळाप्रमाणे. गोंधळ होतो, बाकं सरकतात, शेजारच्या वर्गाच्या बाई दारात येऊन बघून जातात. एकदा पर्यवेक्षकांनी मला बोलावून विचारलं, "बाकीच्या तुकड्यांत हा धडा दोन तासांत होतो. तुम्हाला सहा तास का लागतात?"

"मला तो सावकाश समजतो, सर," मी म्हटलं.

त्यांना तो विनोद वाटला. ते हसले, आणि मला आणखी दोन तास मिळाले.